इंग्लिश खाडीखालचा रेल्वे बोगदा : दोन नव्हे, तीन

रूळमार्गी (धागा सुरू करणारे)

मागच्या उन्हाळ्यात आईला घेऊन लंडनहून पॅरिसला रेल्वेने गेलो. गाडी समुद्राखालून जाते, एवढे मी तिला निघण्यापूर्वीच सांगून ठेवले होते आणि बहुधा तीच माझी चूक झाली. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील फोकस्टनजवळ गाडी बोगद्यात शिरली तशी तिने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा बाजूला ठेवला, चष्मा पुसला आणि खिडकीकडे तोंड करून बसली. काचेत तिला स्वतःचा चेहरा आणि पलीकडच्या बाईंच्या हातातले वर्तमानपत्र एवढेच दिसत राहिले. वीसेक मिनिटांनी गाडी फ्रान्सच्या सपाट शेतांत बाहेर आली, तेव्हा तिने विचारले, "अरे, पण समुद्र कधी लागणार?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. समुद्रतळावर एखादी नळी टाकून तिच्यातून गाडी नेली आहे, अशी समजूत बऱ्याच जाणत्या माणसांचीही असते. प्रत्यक्षात गाडी आणि समुद्राचा तळ यांच्यामध्ये सरासरी ४० ते ५० मीटर जाडीचा खडक आहे, सर्वांत खोल जागी तर तो ७५ मीटर आहे. म्हणजे समुद्र वर असतो खरा, पण आपण असतो जमिनीच्या पोटात. मी उमेदीची काही वर्षे कोकणात बोगद्यांच्या कामावर काढली असल्यामुळे माझे कुतूहल नेहमी त्या खडकापाशी आणि त्यात काम करणाऱ्या माणसांपाशी जाऊन थांबते, म्हणून हा धागा.

आधी मोजमापे सांगतो. बोगद्याची एकूण लांबी ५०.५ किलोमीटर आहे आणि त्यांपैकी जवळपास ३८ किलोमीटर समुद्राखाली आहेत. जपानमधला सेइकान बोगदा ५३.८५ किलोमीटरचा, म्हणजे एकूण लांबीने मोठा आहे, परंतु त्याचा समुद्राखालचा भाग २३.३ किलोमीटरच भरतो. बोगदा 'एक' म्हणण्याची पद्धत असली तरी ते तीन बोगदे आहेत. जाण्याचा आणि येण्याचा असे प्रत्येकी ७.६ मीटर आतील व्यासाचे दोन बोगदे एकमेकांपासून ३० मीटर अंतरावर आहेत आणि त्यांच्या मधोमध ४.८ मीटर व्यासाचा सेवा बोगदा आहे. दर ३७५ मीटरवर एक आडवी वाट या तिघांना जोडते.

माझे म्हणणे असे की या सगळ्या बांधकामातला खरा बोगदा हा मधला, लहान, ज्यातून एकही प्रवासी गाडी धावत नाही असा सेवा बोगदा आहे. खोदकामात त्याला पुढे ठेवले होते. मोठ्या यंत्रांच्या आधी तो वाट चाचपत जात होता, पुढे छिद्रे पाडून खडक कसा आहे ते पाहत होता, आणि जिथे खडक फुटका लागेल तिथे त्याच्यातूनच बाजूच्या मोठ्या बोगद्यांच्या वाटेवर सिमेंटचे द्रावण दाबून भरले जात होते. पालखीपुढे चोपदार चालावा तसा तो चालला. १ डिसेंबर १९९० रोजी दोन्ही देशांचे खोदकामगार ज्या भोकातून एकमेकांना भेटले, ते भोकही सेवा बोगद्यातच होते. इंग्रज बाजूचा ग्रॅहम फॅग आणि फ्रेंच बाजूचा फिलिप कोझेत यांनी त्यातून हस्तांदोलन केले. तोपर्यंत इंग्रजांनी २२.३ किलोमीटर आणि फ्रेंचांनी १५.६ किलोमीटर खोदले होते, आणि दोन्ही टोके जुळली तेव्हा चूक निघाली आडवी ३५८ मिलिमीटर आणि उभी ५८ मिलिमीटर. आमच्या काळात डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खोदत आल्यावर शेवटच्या सुरुंगाच्या आदल्या रात्री सर्वेक्षकाला झोप लागत नसे. त्यामुळे हे आकडे मी किती वेळा वाचले असतील याची गणती नाही.

त्या बोगद्याने खोदकाम संपल्यावरही काय काय केले, ते प्रतिसादांच्या ओघात लिहीन.

---

शंकासुर

धागा उत्तम झाला आहे. दोन प्राथमिक शंका आहेत. पहिली, फ्रेंचांनी इतके कमी खोदले, यामागे काही राजकारण होते की खडकाचा फरक? दुसरी, समुद्राखाली खडक आहे हे मान्य केले तरी खडकाला भेगा असतातच. वरून अख्खा समुद्र दाबत असताना पाणी आत शिरत कसे नाही?

---

भूस्तर

दोन्ही शंकांचे उत्तर एकाच थरात आहे. मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो आणि हा थर दरवर्षी फळ्यावर काढतो, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो.

इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे डोव्हरचे पांढरे कडे ज्या खडूच्या दगडाचे आहेत, तोच दगड खाडीखालून पलीकडे फ्रान्समध्ये जातो. हा दगड शुभ्र असतो तिथे सच्छिद्र आणि भेगाळ असतो. मात्र त्याच्या तळाच्या भागात खडू आणि चिकणमाती यांचे मिश्रण असलेला एक करडा थर आहे, ज्याला 'चॉक मार्ल' म्हणतात. साधारण २५ ते ३० मीटर जाडीचा हा थर बोगद्यासाठी जणू मापाने करून ठेवला आहे. चिकणमातीमुळे त्यातून पाणी सहजी झिरपत नाही, तो यंत्राने चटकन कापला जातो, आणि कापल्यावर लगेच ढासळत नाही, थोडा वेळ स्वतःच्या बळावर उभा राहतो. ओले साबण दोऱ्याने कापावे तसा तो कापला जातो, असे मी मुलांना सांगतो. त्याच्याखाली गॉल्ट नावाची निव्वळ चिकणमाती आहे, जी फुगते आणि दाबाखाली सरकते, म्हणून तिच्यात शिरणे टाळावे लागते. वर भेगाळ खडू आणि खाली फुगणारी माती, यांच्या मधल्या पट्टीतून ३८ किलोमीटर जायचे होते. त्यामुळे बोगदा सरळ नाही. थर जिथे वळतो, चढतो किंवा उतरतो, तिथे बोगदाही त्याच्या मागे जातो.

आता फ्रेंच बाजू. इंग्रज किनाऱ्याकडे हा थर जवळजवळ आडवा पडला आहे. फ्रेंच किनाऱ्याजवळ मात्र तो बराच कललेला, तुटलेला आणि पाणी धरणारा आहे. म्हणून फ्रेंचांनी तोंड पूर्ण बंद करून, पुढच्या पाण्याचा दाब पेलत खोदता येईल अशी यंत्रे वापरली आणि बोगद्याच्या आतल्या कवचाचे, म्हणजे अस्तराचे, तुकडे रबरी पट्ट्या घालून बोल्टने आवळले. हे काम संथ चालते. इंग्रजांनी, थर चांगला आहे या भरवशावर, उघड्या तोंडाची वेगवान यंत्रे आणली. त्यांचे अस्तर बोल्टने न आवळता खडकावर दाबून बसवायचे होते. भरवसा बव्हंशी खरा ठरला, पण किनारा सोडून काही अंतर गेल्यावर एका पट्ट्यात खडक भेगाळ निघाला. छतातून ढेकळे सुटू लागली, खारे पाणी यंत्राच्या विद्युत भागांवर पडू लागले आणि कित्येक महिने काम रखडले. तेव्हा हा धोका प्रथम कळला तो सेवा बोगद्यातच, हे धागाकर्त्यांच्या म्हणण्याला पूरक आहे.

जाता जाता, एकोणिसाव्या शतकातल्या एका वेड्या माणसाचे नाव इथे यायला हवे. तोमे द गामाँ हा फ्रेंच अभियंता तळाच्या खडकाचे नमुने आणण्यासाठी १८५५ साली गारगोट्यांनी भरलेल्या पिशव्या अंगाला बांधून खाडीत बुड्या मारत असे. वर येताना त्याला मोठ्या अहीर माशांनी चावे घेतले, अशी नोंद त्यानेच केली आहे. आमच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रभेटीला बस वातानुकूलित लागते.

---

रूळमार्गी

भूस्तर सर, मनापासून आभार. साबण आणि दोरा मी आता माझ्या नावावर खपवणार आहे.

कल्पना किती जुनी आहे, हेही नोंदवतो. १८०२ साली आल्बेर मात्य्यू या फ्रेंच अभियंत्याने घोडागाड्यांसाठी असा बोगदा सुचवला होता. त्यात तेलाचे दिवे होते आणि वाटेत घोडे बदलण्यासाठी समुद्रात एक कृत्रिम बेट होते. प्रत्यक्ष खोदकाम झाले १८८०च्या सुमारास. रेल्वे कंपन्यांचे इंग्रज धुरंधर सर एडवर्ड वॉटकिन यांनी डोव्हरजवळच्या शेक्सपिअर कड्यापाशी बोमाँट यांच्या खोदयंत्राने सुमारे २.१ मीटर व्यासाचा आणि जवळपास १.९ किलोमीटर लांबीचा बोगदा खोदला. पलीकडे सांगात येथे फ्रेंचांनीही सुमारे १.७ किलोमीटर मजल मारली. खडकाने कुठेही अडवले नाही, अडवले ते लष्कराने. सर गार्नेट वूल्झली आणि त्यांच्यासारख्या सेनाधिकाऱ्यांना, या वाटेने एके सकाळी फ्रेंच पलटण वर येईल, अशी भीती होती आणि १८८२ साली काम बंद पडले. १९७४ साली पुन्हा सुरुवात झाली आणि पुढच्याच जानेवारीत ब्रिटिश सरकारने पैशांच्या अडचणीपायी ते थांबवले. १९८७ साली तिसऱ्यांदा काम सुरू झाले, तेव्हा १९७४ साली खाली जाण्यासाठी खोदलेला उतरता बोगदा वापरातच आला. अर्धवट राहिलेले काम तेरा वर्षांनी उपयोगी पडते, हे वाचून मला आमच्या दोन-तीन जुन्या कामांबद्दल उगाच आशा वाटू लागली आहे.

---

दर्यावर्दी

मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली आहे आणि डोव्हरच्या सामुद्रधुनीतून अनेकदा गेलो आहे, म्हणून वरच्या मजल्यावरची थोडी माहिती देतो.

सर्वांत अरुंद जागी दोन्ही किनाऱ्यांत सुमारे ३३ किलोमीटर अंतर आहे. स्वच्छ हवेत जहाजाच्या सुकाणूकक्षातून एका नजरेत दोन देश दिसतात. तिथे रस्त्यासारख्या मार्गिका ठरलेल्या आहेत. उत्तर समुद्राकडे जाणाऱ्यांनी फ्रान्सच्या बाजूने आणि अटलांटिककडे जाणाऱ्यांनी इंग्लंडच्या बाजूने जायचे, आणि या दोन्ही रांगांना आडव्या छेदत फेरीबोटी सतत ये-जा करत असतात. दिवसाकाठी चारशेहून अधिक जहाजे तिथून जातात. रात्री रडारच्या पडद्यावर ठिपके पाहून गर्दीच्या वेळचे दादर आठवते. नकाशावर खोली पाहिली तर मात्र पन्नास-साठ मीटरच्या आत. व्हार्न नावाचा वाळूचा दांडा तर इतका उथळ आहे की त्याला वळसा घालूनच जावे लागते. वर सांगितलेले घोड्यांचे बेट त्या दांड्यावरच योजलेले होते.

१९८५ साली सरकारांपुढे जे प्रस्ताव आले, त्यांत मोठ्या पुलांचेही होते. अशा गर्दीच्या वाटेवर, धुक्यात, पुलाचे खांब उभे राहिले असते, तर आमच्यापैकी कोणाची तरी त्यांच्याशी गाठ पडलीच असती. बोगदा झाला, हे खलाशांच्या दृष्टीने फार बरे झाले.

---

शंकासुर

दर्यावर्दी, खोलीचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. मुंबई ते संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा अशी समुद्राखालून रेल्वे होणार, हा निरोप माझ्या मोबाईलवर दरवर्षी नव्याने येतो. सोबत काचेच्या नळीतून धावणाऱ्या गाडीचे चित्रही असते आणि बाहेर देवमासा.

---

दर्यावर्दी

तो देवमासा मलाही येतो. काही वर्षांपूर्वी तिकडच्या एका सल्लागार संस्थेने मांडलेली ती कल्पना होती. अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपास आहे आणि अरबी समुद्राची खोली वाटेत तीन हजार मीटरच्या पुढे जाते. तळाखालून खोदायचे म्हटले तर तीनशे वातावरणांहून अधिक दाब डोक्यावर घेऊन खोदावे लागेल. म्हणून त्या कल्पनेत पाण्यातच तरंगत्या नळ्या आहेत, पण वाहतुकीसाठी तशी नळी जगात अजून कोणी बांधलेली नाही. इंग्लिश खाडी जमली, कारण ती मुळात उथळ आहे आणि भूस्तर यांचा करडा थर अलीकडून पलीकडे सलग पोचतो. ही दोन्ही भाग्ये अरबी समुद्राच्या पत्रिकेत नाहीत.

---

हिशेबनीस

अभियांत्रिकीचे गोडवे रास्त आहेत, पण या बोगद्यात ज्यांचे पैसे बुडाले त्यांची बाजू कोणी मांडत नाही, म्हणून लिहितो.

१२ फेब्रुवारी १९८६ रोजी कँटरबरी येथे दोन्ही देशांत करार झाला. त्यात स्पष्ट अट होती की या कामाला सरकारी पैसा किंवा सरकारी हमी मिळणार नाही. मार्गारेट थॅचर यांचा तसा आग्रह होता. परिणामी युरोटनेल या कंपनीला ५५ वर्षांचा परवाना मिळाला आणि भांडवल उभे राहिले ते सामान्य गुंतवणूकदारांचे समभाग आणि दोनशेहून अधिक बँकांची कर्जे यांतून. १९८७च्या नोव्हेंबरात समभाग साडेतीन पौंडांना विकला गेला. फ्रान्समध्ये हजारो मध्यमवर्गीय कुटुंबांनी तो निवृत्तीची तरतूद म्हणून घेतला होता.

बांधकामाचा अंदाज १९८५च्या किमतींनुसार २६० कोटी पौंडांचा होता, तो त्याच किमतींनुसार ४६५ कोटींवर गेला. व्याज वगैरे धरून उद्घाटनापर्यंतचा खर्च ९०० कोटी पौंडांच्या घरात पोचला. ६ मे १९९४ रोजी राणी एलिझाबेथ आणि राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी उद्घाटन केले. 'युरोस्टार' या प्रवासी गाड्या नोव्हेंबरात सुरू झाल्या. पहिल्या पूर्ण वर्षात १ कोटी ५९ लाख प्रवासी येतील असा होरा होता. १९९५ साली युरोस्टारने गेले २९ लाख. फेरीबोटवाल्यांनी भाडी पाडली, पुढे स्वस्त विमाने आली. कंपनीने १९९५ साली व्याज देणे थांबवले, २००६ साली न्यायालयाचे संरक्षण घेतले, आणि २००७ साली कर्जाची पुनर्रचना झाल्यावर पहिला लाभांश निघाला २००९ साली, म्हणजे समभाग विकल्यापासून बावीस वर्षांनी. मधल्या काळात परवान्याची मुदत वाढवून ती २०८६पर्यंत नेली. युरोस्टारला वर्षाला १ कोटीच्या वर प्रवासी मिळायला २०१०नंतरचे दशक उजाडावे लागले.

तेव्हा सेवा बोगदा थोर आहेच, पण तिसरा बोगदा खोदायला लागलेला पैसा कुणाच्या तरी भविष्यनिर्वाहातून आला होता, हेही लक्षात असावे.

---

रूळमार्गी

हिशेबनीस, तुमचे आकडे मला मान्य आहेत, परंतु शेवटच्या वाक्यावर माझा आक्षेप आहे. खर्च वाढला तो मुख्यतः रेल्वेगाड्यांची किंमत, मध्येच बदललेल्या सुरक्षेच्या अटी आणि लांबलेल्या वेळापत्रकाचे व्याज यांमुळे. सेवा बोगद्याने तर पुढे माणसे वाचवली. त्याचे उदाहरण देतो.

१८ नोव्हेंबर १९९६च्या रात्री फ्रान्सकडून निघालेल्या मालट्रकवाहू गाडीतल्या एका ट्रकने पेट घेतला. या गाड्यांचे डबे जाळीदार, उघडे असतात आणि ट्रकचालक इंजिनामागच्या वेगळ्या डब्यात एकत्र बसतात. आगीची सूचना मिळाल्यास गाडी न थांबवता बाहेर काढायची, असा तेव्हाचा नियम होता. पण दुसऱ्याच एका बिघाडाचा दिवा लागला आणि चालकाला गाडी बोगद्यातच उभी करावी लागली. धुराने दरवाजा दिसेना. गाडीवर ३१ प्रवासी आणि ३ कर्मचारी होते. ते सगळे आडव्या वाटेने सेवा बोगद्यात पोचले आणि तिथून पलीकडच्या बोगद्यात थांबवलेल्या गाडीने बाहेर पडले. एकही जीव गेला नाही, आणि बोगद्याच्या अस्तराचे काँक्रीट मात्र कित्येक मीटर सोलून निघाले होते.

इथे मूळ युक्ती हवेच्या दाबाची आहे. सेवा बोगद्यातला दाब मुद्दाम दोन्ही मोठ्या बोगद्यांपेक्षा जास्त ठेवतात. त्यामुळे आडव्या वाटेचे दार उघडले की हवा सेवा बोगद्यातून बाहेर जाते आणि धूर आत येऊ शकत नाही. अग्निशामक दल त्याच बोगद्यातून रबरी चाकांच्या अरुंद गाड्या घेऊन येते. दोन गाड्या समोरासमोर आल्या तरी एकमेकींना ओलांडू शकतात. आग २००८ आणि २०१५ सालीही लागली. २००८नंतर मोठ्या बोगद्यांत चार ठिकाणी पाण्याचा दाट फवारा सोडणाऱ्या जागा केल्या. जळती गाडी तिथवर आणून थांबवायची, अशी नवी रीत ठरली.

मात्र बांधकामात दहा कामगार मेले, त्यांतले आठ इंग्रज बाजूचे होते. त्यांचाही उल्लेख या धाग्यात राहायला हवा.

---

केंटकर

मी गेली अकरा वर्षे बोगद्याच्या इंग्लंडकडच्या टोकाला, केंट परगण्यात राहतो आणि वर्षातून तीन-चार वेळा मोटार घेऊन बोगद्यातून जातो. युरोस्टारने जाणाऱ्याला बोगदा कळत नाही. तो कळायचा असेल तर मोटार घेऊन जावे.

फोकस्टनला महामार्गावरून थेट स्थानकात शिरायचे. पारपत्राची तपासणी दोन्ही देशांचे अधिकारी इथेच करतात, त्यामुळे केंटच्या मातीवर उभे राहूनच फ्रेंच तपासणी उरकते. मग जवळपास आठशे मीटर लांबीच्या गाडीच्या शेपटीच्या डब्यात बाजूने मोटार घालायची आणि डब्यांमागून डबे ओलांडत ती आतूनच पुढे न्यायची. एखाद्या लांबलचक चाळीच्या सज्जातून मोटार चालवल्यासारखे वाटते. कर्मचारी हाताने खूण करतो, मोटार थांबते, हातब्रेक ओढायचा, गिअरमध्ये ठेवायची आणि काच थोडी खाली करायची. मग डब्या-डब्यांमधली आगरोधक दारे बंद होतात. आसने नाहीत, चहा नाही. लोक मोटारीतच बसतात किंवा उभे राहून पाय मोकळे करतात. आमच्या घरी या वेळात इडली-चटणी होते. कानांना दडे बसले की समजायचे, शिरलो. पस्तीस मिनिटांनी कोकेल येथे दार उघडते, घड्याळ एक तास पुढे करायचे आणि पहिल्या चौकापासून उजव्या बाजूने चालवायचे. पहिल्या खेपेला बायको दर वळणावर "उजवीकडे, उजवीकडे" असा जप करत होती.

एक गंमत. पूर्वी इथल्या लोकांना फ्रेंच सैन्यापेक्षा फ्रेंच कोल्ह्यांची धास्ती होती. ब्रिटनमध्ये रेबीज नाही आणि पिसाळलेले जनावर बोगद्यातून चालत येईल, असे लोकांना खरोखर वाटत होते. त्यासाठी तोंडाशी जनावरांना अडवणारी कुंपणे घातली आहेत. अकरा वर्षांत मला एकही फ्रेंच कोल्हा भेटलेला नाही.

धागाकर्त्यांना प्रश्न असा की आत उकाडा जाणवत नाही, तो का? इतक्या गाड्या जातात आणि हवेला वाट तर दोनच टोकांना आहे.

---

रूळमार्गी

उकाडा झालाच असता. गाडी ताशी १४० ते १६० किलोमीटर वेगाने नळीतून जाते तेव्हा ती पिचकारीच्या दट्ट्यासारखी पुढची हवा रेटते. रेटण्यात जी शक्ती खर्च होते, तिची उष्णता बनते आणि ती खडकात फार हळू जिरते. उपाय केला नसता तर आतले तापमान ५० अंशांच्या आसपास गेले असते. म्हणून दोन गोष्टी केल्या आहेत. दर २५० मीटरवर दोन मीटर व्यासाची एक नळी सेवा बोगद्याच्या डोक्यावरून कमानीसारखी जाऊन दोन्ही मोठ्या बोगद्यांना जोडते, म्हणजे एकीकडे रेटलेली हवा दुसरीकडे निसटते. शिवाय दोन्ही किनाऱ्यांवरच्या यंत्रघरांतून थंड केलेले पाणी बोगद्यांच्या भिंतीलगतच्या नळांतून सतत फिरवतात.

आतली ही ऊब एकदा उलटलीही. १८ डिसेंबर २००९च्या रात्री उत्तर फ्रान्समध्ये भुसभुशीत कोरडा बर्फ पडत होता आणि तो गाड्यांच्या यंत्रकक्षांत शिरला. गाड्या उबदार बोगद्यात येताच त्याचे पाणी झाले, विद्युत यंत्रणा बंद पडल्या आणि एका रात्रीत पाच युरोस्टार गाड्या आत अडकल्या. दोन हजारांहून अधिक प्रवाशांनी ती रात्र तिथे काढली.

---

भूस्तर

ठाण्याच्या खाडीखालून मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचा सात किलोमीटरचा भाग जाणार आहे. वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा एकूण २१ किलोमीटरचा बोगदा आहे आणि तिथे दोन्ही रूळमार्ग सुमारे १३ मीटर व्यासाच्या एकाच नळीत असतील. म्हणजे रचना अगदी निराळी. धागाकर्त्यांच्या 'तिसऱ्या बोगद्या'च्या निकषावर ही नळी उतरते का?

---

रूळमार्गी

थेट तुलना करू नये असे मला वाटते. सात किलोमीटर आणि अडतीस किलोमीटर यांत माणसाला बाहेर काढण्याची गणिते बदलतात. समुद्राखालच्या लांब टप्प्यात मधेच वर जाणारी विहीर काढता येत नाही, म्हणून सुरक्षित जागा बोगद्याच्या शेजारीच निर्माण करावी लागते. खाडीच्या दोन्ही काठांवर जमीन जवळ असेल, तर काही काम उभ्या विहिरींवर सोपवता येते. तरीही, एक कंत्राटी कामगार म्हणून विचाराल तर मला शेजारी एक लहान वाट असलेली केव्हाही आवडेल.

---

शंकासुर

शेवटची शंका. दोन्हीकडून खोदत येणारी यंत्रे समुद्राखाली समोरासमोर आली. ती बाहेर कशी काढली?

---

रूळमार्गी

फ्रेंच यंत्रे आतच सुटी करून बाहेर काढली. इंग्रजांची यंत्रे काढणे परवडणारे नव्हते, म्हणून ती मार्गाबाहेर वळवून खडकात घुसवली आणि काँक्रीटने पुरली. ती आजही तिथे आहेत आणि विद्युत यंत्रणेच्या अर्थिंगसाठी त्यांचा उपयोग केला आहे. एक यंत्र मात्र वर फोकस्टनच्या महामार्गालगत कित्येक वर्षे प्रदर्शनासाठी उभे होते. २००४ साली ते ई-बे या संकेतस्थळावर लिलावाला काढले आणि ३९,९९९ पौंडांना गेले. नेणाऱ्याने ते घरी कसे नेले असेल, याचा विचार मी अधूनमधून करतो.

---

केंटकर

रूळमार्गी, पुन्हा याल तेव्हा आईंना साम्फायर हो येथे आणा. डोव्हरच्या पश्चिमेला कड्याच्या पायथ्याशी सुमारे तीस हेक्टरचे सपाट कुरण आहे. कड्यातून पाडलेल्या एकेरी बोगद्यातून, सिग्नल हिरवा होईपर्यंत थांबून, मोटारीने खाली उतरता येते. ते कुरण पूर्वी नव्हते. बोगद्यातून निघालेला ४९ लाख घनमीटर खडू आणि माती समुद्रात बांध घालून तिथे टाकली आणि त्यावर गवत लावले. भूस्तर यांचा करडा थर तोच. आता तिथे मेंढ्या चरतात, वसंतात रानटी ऑर्किड फुलतात, आणि थंड पाण्याच्या यंत्रघराची घरघर ऐकू येते. बांधावर बाके आहेत. पुढे सगळा समुद्रच आहे.

---

रूळमार्गी

आईला आत्ताच वाचून दाखवले. तिने विचारले आहे की बाकांना पाठ आहे का.